आत्याचा नेम, बाबांची पावलं

दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा उतरला, आणि आत्यानं घरभर फिरून एकेक वस्तू नव्यानं बघून घेतली. पडदे मळलेत असं आईला सांगितलं. माझे केस कानाजवळ पांढरे झालेत असं मला सांगितलं. देवघरातली निळी काच इतकी निळी आहे हे तिला माहीतच नव्हतं, म्हणून तिच्यापुढे थोडा वेळ उभी राहिली. मग चहाचा कप घेऊन माझ्या लॅपटॉपशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आमचा तो खाणीचा गेम होता ने, तो याच्यावर लागेल का गं?"

मी टाइप करता करता थांबले. बाबा गेल्यापासून त्या गेमचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. विद्यापीठाच्या कचेरीत नोकरी केली आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आमच्यासोबतच राहिली. बाबा बँकेत होते. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे घरात कुणीही काहीही धाडस केलं, अगदी गॅसचा सिलेंडर एकट्यानं सरकवला तरी, "रक्त फौजेचं आहे" असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात बाबा पालीला केरसुणीनं हळूच वाट दाखवून गॅलरीपर्यंत पोचवून यायचे. आत्याला फटाक्यांचा आवाज सहन होत नसे.

अशा या दोन माणसांना गोळीबाराच्या गेमचं वेड लागलं.

मी शाळेत शेवटच्या वर्गांत असताना घरात कॉम्प्युटर आला, माझ्या अभ्यासासाठी. बाबा मला टायपिंग शिकवणारी सीडी आणायला सयाजीगंजात गेले आणि दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून सोबत एक गेमही घेऊन आले. गेम साधाच. डोंगराच्या पोटात एक जुनी खाण, खाणीत कुठून तरी आलेले विचित्र प्राणी, आणि आत शिरलेला एक एकटा शिपाई. पडद्यावर शिपाई दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा हात आणि हातातली बंदूक. जे त्याला दिसतं तेच आपल्याला.

मी दोन दिवसांत कंटाळले. बाबांनी सहज बघू म्हणून हात लावला आणि ते तिथेच बसले. मग आत्या "मला दे ने जरा" म्हणत शेजारी आली. पाळी कुणाची यावरून पन्नाशीकडे झुकलेली ती दोघं भावंडं अशी भांडायला लागली की एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊनच बाहेर आली.

"वाटून घ्या," आई म्हणाली. "यांनी चालवायचं, तुम्ही बंदूक धरायची. वन्सं, तुमचा नेम चांगला आहे. यांचा नाही. यांना चालायला आवडतं."

तिला हे सगळं बंद पाडायचं होतं, पण निघाला तोडगा. बाबा डावीकडे, कीबोर्डवर. आत्या उजवीकडे, माउसवर. शिपाई एकच, पण त्याचे पाय बाबांचे आणि डोळे व बंदूक आत्याची. रोज संध्याकाळी चहानंतर ती दोघं खाणीत उतरायची ती आई जेवायला हाक मारेपर्यंत. "डावीकडे बघ, डावीकडे!" "अरे तू थांब तर खरं, मग बघते!" असा त्यांचा कल्ला चालायचा. प्राण्यांची नावं आत्यानं ठेवली होती. गोल, तरंगणारा, तोंडातून आगीचे गोळे टाकणारा तो भोपळ्या. जमिनीलगत सरपटत येणारी ती मगर. गावातल्या नदीतच मगरी असताना बडोद्यात राहणाऱ्याला याहून वेगळं काय सुचणार! काळ्या अंगाचा, लांब हातांचा, नेहमी दाराआड लपून बसणारा तो वकील.

गेम त्यांनी कधीच पुरा केला नाही. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर एक प्रचंड मोठं दालन होतं. तिथे शिरलं की एकाच वेळी इतके प्राणी चालून यायचे की आमचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागायचा. चित्र अडखळायचं, तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकायचं, आणि मधल्या एखाद्या न दिसलेल्या क्षणी शिपाई मरायचा. बाबा म्हणायचे, "मशीनमध्ये दम नाही." आत्या म्हणायची, "तू घाई करतोस." हा वाद कित्येक महिने चालला. पुढे तो कॉम्प्युटर बंदच पडला. मी शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला गेले. गेमची सीडी स्टीलच्या कपाटात कुठे तरी गेली. बाबा गेले तेव्हा मी नंदेसरीतल्या एका कारखान्यात यंत्रांचा वेग आणि मोजमापं नेमकी लावून देण्याचं काम मिळवून परत बडोद्याला आले, आणि आम्ही तिघी बायका त्या फ्लॅटमध्ये राहायला लागलो.

तर आता आत्या विचारत होती, लागेल का गं.

"बघते," मी म्हटलं. आई पलीकडे भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

सीडी कपाटात सापडली, पण माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. ऑफिसातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. गेम त्यावरून उतरवून घेतला, चालू केला, तर पडद्यावर निरोप आला की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. जुन्या प्रोग्रॅमला जुन्याच काळात असल्याचं सोंग करायला लावायची एक सोय असते. ती केली. मग तो उघडला, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा, मधोमध, आणि रंग असे की सगळी खाण जांभळी. तो पडदाभर ताणला तर भोपळ्या आडवा पसरून कलिंगड झाला.

"असा नव्हता तो," आत्या काळजीनं म्हणाली. "आजारी आहे का?"

मी शोधायला लागले आणि चकितच झाले. त्या जुन्या गेमवर जीव असलेली माणसं जगभर होती. गेम बनवणाऱ्यांनी त्याचं आतलं इंजिन कधीकाळी सगळ्यांना मोकळं करून दिलं होतं. या माणसांनी ते उघडून, साफ करून, आजच्या कॉम्प्युटरसाठी नव्यानं लिहून काढलं होतं. आपल्याकडची मूळ सीडी लागते. तिच्यातल्या खाणी, प्राणी, आवाज तेच राहतात, फक्त त्यांना चालवणारं यंत्र नवं. कुणी हे का करतं याचं उत्तर त्यांच्या चर्चेत मला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. पण एक जण फक्त पाण्याच्या आवाजावर महिनोन्महिने काम करत होता, आणि बाकीचे त्याला "अजून थोडं ओलं हवं" असं सांगत होते. मला ही माणसं आवडली.

एका रविवारी सकाळी मी सगळं बसवलं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. कडा रेखीव झाल्या. चालणं लोण्यासारखं. मला हुरूप आला आणि मी आणखी पुढे गेले. कुणीतरी खाणीतल्या प्रत्येक भिंतीचं चित्र नव्यानं, बारकाईनं रंगवलं होतं. दगडाला भेगा, भेगांत शेवाळ, शेवाळावर दंव. दिव्यांमधून झिरपणारा प्रकाश. प्राणीही नवे, अंगावर शिरा दिसणारे. मी तेही सगळं चढवलं आणि आत्याला हाक मारली.

आत्या चष्मा पुसत आली, बसली, बराच वेळ बघत राहिली.

"मस्त आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हे कुठलं?"

"अगं तीच खाण."

"नाही. हे मॉलच्या खालचं पार्किंग आहे." तिनं पडद्याच्या जवळ नाक नेलं. तेवढ्यात कोपऱ्यातून भोपळ्या आला. ओल्या कातडीचा, दातांत काहीतरी अडकलेला, खराखुरा ओंगळ. आत्यानं माउस सोडून दिला. "शी! हा कोण? माझा भोपळ्या कुठाय?"

"हाच तो. नवा केलाय."

"कुणी सांगितलं होतं? तो बिचारा चांगला होता. याला मी नाही मारणार. याच्याकडे बघवत नाही मला."

मी थोडी हिरमुसले. इतकी खटपट केली होती. आई पोह्यांच्या बशा घेऊन आली, पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाली, "याचं तोंड फार मोठं केलंय," आणि परत गेली.

त्या दिवसापासून आमचं खरं काम सुरू झालं. काय सुधारायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आत्या ठरवणार. नव्या भिंती काढून टाकल्या. जुन्या भिंती आल्या, मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांच्या. इंजिन ते ठिपके आपणहून मऊ करून एकमेकांत मिसळून टाकत होतं. आत्या म्हणाली, "माझं ऑपरेशन झालं नाही असं वाटतंय." म्हणून मिसळणं बंद केलं. ठिपके ठिपक्यांसारखे दिसायला लागले आणि ती खूश झाली. अंधार मात्र तिला थोडा कमी हवा होता. कडा सरळ हव्या होत्या. ते ठेवलं.

धुक्यावरून आमचं वाजलं. खाणीत लांबवर नेहमी धुकं असायचं. जुन्या कॉम्प्युटरांना लांबचं चित्र काढायला जमत नसे म्हणून गेमवाले धुकं सोडून ते झाकून टाकत. नव्या इंजिनात त्याची गरज नव्हती. मी ते काढलं तर बोगद्याचं दूरचं टोक लख्ख दिसायला लागलं, आणि तिथे होती एक सपाट भिंत.

"एवढीच होती?" आत्या म्हणाली. "दादा म्हणायचा, धुक्यापलीकडे आणखी खाण आहे. आपण गेलोच नाही तिकडे."

मी धुकं परत लावलं.

मग चक्कर. पहिल्यांदा आम्ही खरोखर खेळायला बसलो, मी बाबांच्या जागी कीबोर्डवर आणि ती माउसवर, तर थोड्याच वेळात आत्यानं टेबलाची कड धरली. "थांबव, थांबव. डोकं फिरतंय." तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं लिंबूपाणी आणलं आणि मला रागानं म्हणाली, "डोळ्यांचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत बाईमाणसाला, आणि तू तिला गरागरा फिरवतेस." मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, डोळे ठीक आहेत, टीव्ही बघतात तसं हेही चालेल, चक्कर आली की थांबायचं. मी पुन्हा त्या जगभरातल्या माणसांकडे गेले. कळलं की जुने गेम जुन्या चौकोनी पडद्याच्या मापानं नजर ठेवतात. रुंद पडद्यावर ती नजर अरुंद पडते, नळीतून बघितल्यासारखी, आणि माणसाला मळमळतं. नजरेचा कोन वाढवायचा. शिवाय शिपाई चालताना पडदा पावलागणिक वरखाली हलतो, तेही बंद करता येतं. दोन्ही केलं. शिवाय माउस. पूर्वीचा माउस पोटात गोळी असलेला, जड. त्याला ढकलावं लागे. आताचा नुसता बोट लावलं तरी पळायचा आणि आत्याचा नेम भिंतीवरून छताला जायचा. त्याचाही वेग कमी केला, हाताच्या झटक्याबरोबर आणखी जोर घेण्याची त्याची खोड काढली.

कॉम्प्युटर आता इतका जोरात चित्रं काढत होता की त्याचाही त्रास व्हायला लागला. एका खड्ड्यावरून उडी मारायची असते. मी किती वेळा उडी मारली तरी शिपाई काठाला अंगुळभर कमी पडून खाली. जुन्या गेममध्ये उडीचं गणित चित्रांच्या गतीला बांधलेलं होतं, हे मला नंतर कळलं. गती फार वाढली की उडी आखूड होते. मी कॉम्प्युटरच्या पायात बेडी घातली, सेकंदाला ठरावीक चित्रांपुढे जायचं नाही. शिपाई पलीकडे पोचला. ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो, कुठल्या यंत्राला किती पळू द्यायचं. घरी येऊन तेच करताना मजा येत होती.

आत्याला पुन्हा चक्कर आली नाही. सगळं सुरळीत झालं आणि मग कळलं की खरी अडचण मी आहे.

"दार आलं की थांब," आत्या म्हणायची.

"का? उघडू ने सरळ."

"दादा थांबायचा. दाराच्या बाजूला उभा राहायचा. मग मी बंदूक दाराकडे वळवायची, मग तो उघडायचा. तू थेट आत घुसतेस आणि वकिलाच्या मिठीत जातेस."

मी थांबायला शिकले. पण मग म्हणे मी जास्त थांबते. म्हणे, बाबा वळणावर भिंतीला चिकटून चालायचे, मी मधून चालते. म्हणे, जिन्यावरून उतरताना बाबा एक पायरी आधीच सावकाश व्हायचे, कारण तिथून मगर दिसते. मी हे सगळं ऐकत होते आणि बाबा मला रस्त्यावरून चालताना दिसत होते. रावपुऱ्याच्या गर्दीत, स्कूटरच्या आणि रिक्षांच्या मधून, दुकानांच्या ओळीला चिकटून, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी पाऊल अडवून. मी लहानपणी त्यांचा हात धरून वैतागायचे, बाबा चला ना. ते म्हणायचे, आधी बघू, मग जाऊ. इतकी वर्षं मला ही त्यांची एक सवय आहे हेही सुचलं नव्हतं. आत्याला मात्र प्रत्येक पाऊल पाठ होतं.

"तुला आठवतं इतकं?" मी विचारलं.

"आठवायचं काय? माझी नजर त्याच्या पायावरच चालायची," ती म्हणाली. "तो कुठे थांबणार हे मला आधी कळायचं. तुझं कळत नाही. तुझा दोष नाही गं. चाल पुढे."

असं करत करत, रविवार सकाळ आणि मधल्या काही संध्याकाळी, आम्ही त्या मोठ्या दालनापर्यंत पोचलो. मला खात्री होती की आता काही अडचण नाही. हा लॅपटॉप त्या जुन्या डब्याच्या कितीतरी पट ताकदीचा. आत शिरलो. प्राणी चालून आले, भोपळे, मगरी, वकील, सगळी जत्रा. चित्र एकदाही अडखळलं नाही. अतिशय सुरेख, गुळगुळीत गतीनं आम्ही मेलो.

पुन्हा गेलो. पुन्हा मेलो. आठवडाभर मरत होतो. मी पळून बघितलं, खांबाआड थांबून बघितलं, बाबांसारखं भिंतीनं जाऊन बघितलं.

"म्हणजे मशीनचा दोष नव्हता," आत्या एकदा हळूच म्हणाली. तिला वाद जिंकल्याचा आनंद झाला नव्हता. उलट तिचा चेहरा उतरला. "मी त्याला घाई करतोस, घाई करतोस म्हणत राहिले. घाईचाही नसेल बहुतेक. आमच्या आवाक्यातलंच नव्हतं ते."

त्यानंतर ती काही दिवस बसली नाही. डोळे दुखतात म्हणाली. डोळे दुखत नव्हते.

पुढच्या रविवारी मीच सयाजीगंजातून शेव-उसळ आणली, तिला आवडते म्हणून, आणि गळ घातली की आज एकदाच. ती बसली. दालनाच्या अलीकडच्या बोळात आलो आणि माझा फोन वाजला. कारखान्यातून होता, उचलणं भाग होतं. "एक मिनिट हं," म्हणून मी गॅलरीत गेले. एका मीटरचं रीडिंग भलतंच येत होतं. समोरच्या माणसाला काय काय तपासायचं ते सांगता सांगता बराच वेळ गेला.

परत आत आले तर माझ्या खुर्चीवर आई बसली होती. पदर कमरेला खोचलेला, दोन बोटं कीबोर्डवर. शिपाई चालत होता.

मी दारातच उभी राहिले. आईनं आयुष्यात कधी त्या गेमला हात लावला नव्हता. पण शिपाई भिंतीला चिकटून चालला होता. वळणाआधी हळू झाला. दाराशी आला, बाजूला थांबला. आत्यानं काही न सांगता बंदूक दाराकडे वळवली. मग दार उघडलं.

आत्यानं पडद्यावरून नजर काढून आईकडे बघितलं. "वहिनी," ती म्हणाली.

"समोर बघा वन्सं," आई म्हणाली. "रोज जेवायला बोलवायला येऊन मागे उभी राहायची मी. तुम्ही दोघं कुठे उठत होता? भाजी गार होईपर्यंत बघत बसायची. सगळं डोळ्यासमोर आहे माझ्या."

दालनात शिरल्या. पहिला भोपळ्या तरंगत आला आणि त्याच्यामागे सगळे. आणि इथे आईनं असं काही केलं जे बाबांनी कधी केलं नसतं. ती मागे फिरली. सरळ पाठ वळवून दालनाबाहेर, बोळात, आणि बोळाच्या टोकाला जाऊन पुन्हा दाराकडे तोंड करून उभी.

"अगं वहिनी, पळतेस काय! दादा कधी मागे यायचा नाही!"

"तेच तर," आई म्हणाली. "इतक्या पाहुण्यांना एकदम घरात घ्यायचं कशाला? एकेक येऊ दे की."

आणि खरंच, बोळाचं तोंड अरुंद होतं. एका वेळी एकच आत येऊ शकत होता. भोपळ्या आला, आत्यानं उडवला. मगर आली, उडवली. वकील दाराआड थबकला, तर आई एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करून त्याला बाहेर काढायची आणि आत्या टिपायची. मुळीच घाई नाही. आत्याचा हात आता असा चालत होता की माझ्याबरोबर तो कधी चाललाच नव्हता. बोळात हळूहळू शांतता झाली. आई पुन्हा दालनात गेली. दालन रिकामं होतं.

मी मनात हिशेब जुळवत होते. बोळात एका वेळी एकच प्राणी, म्हणजे चित्र काढायचं काम किती थोडं. हे असं केलं असतं तर आमचा तो धापा टाकणारा जुना कॉम्प्युटरही अडखळला नसता. मी तसं बोलून दाखवलं.

"मला तेव्हाच सुचलं होतं," आई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" आत्या आणि मी एकदमच ओरडलो.

"विचारलं कुणी?"

आत्या हसायला लागली. आधी हसली, मग डोळे पुसायला लागली, आणि आई तिला "चोळू नका, चोळू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय" म्हणत पदरानं तिचे डोळे टिपायला लागली. शिपाई तसाच दालनात उभा होता. मी शेव-उसळ गरम करायला नेली. परत येईपर्यंत त्या दोघी शेवटच्या टप्प्यात शिरलेल्या होत्या. माझी खुर्ची मला परत मिळाली नाही. मी मागे उभी राहून बघितलं.

शेवटचा टप्पा अगदी छोटा होता. एक उभा चढ, एक लोखंडी दार, आणि दारापलीकडे डोंगराच्या माथ्यावरची मोकळी जागा. वर आकाश. मोठ्या ठिपक्यांचं, भडक केशरी आणि निळं, जसं त्या काळी कुणी तरी काढलं होतं तसं. मी त्याला हात लावलेला नव्हता. आत्या माउस फिरवून ते आकाश इकडून तिकडे बघत राहिली. मारायला आता कुणी उरलं नव्हतं.

"दादानं हे बघायला हवं होतं," ती म्हणाली.

आई म्हणाली, "बघितलं असतं तर लगेच पहिल्यापासून सुरू केलं असतं. जेवण पुन्हा गारच."

तिनं घसा खाकरला. आत्यानं माउसवरचा हात उचलून आईच्या मनगटावर ठेवला. त्या दोघी तशाच बसल्या. ज्यांचं नातं आमच्या नातलगांत नेहमी "निभावून नेलं बिचाऱ्यांनी" असं वर्णन केलं जायचं, त्या दोघी. बाबा गेल्यावर घरात त्यांचं एकमेकींशी बोलणं दूध, औषध आणि भाजी एवढ्यावरच येऊन थांबलं होतं. मला ते रोज दिसायचं आणि त्यावर काय करायचं ते कळायचं नाही.

त्या गेमचा दुसरा भाग आहे का हे आत्यानं विचारण्याआधी आईनं विचारलं. तोही मिळाला, तोही तसाच दुरुस्त करून दिला. आता माझं काम फक्त दुरुस्तीचं. त्यांच्या मागण्या असतात. आईला कीबोर्डवरची बटणं नीट दिसत नाहीत, तर तिला लागणाऱ्या चार बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवून दिल्या. आत्याची विद्यापीठातली एक जुनी मैत्रीण मध्ये मध्ये बघायला येते आणि गुजरातीत मोठ्यानं सल्ले देते. तिच्यासाठी लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा, डबाभर लागतो. प्राण्यांची नावं या भागात आई ठेवते. ती मला परिचयाच्या बऱ्याच लोकांवरून घेतल्यासारखी वाटतात, पण मी विचारत नाही.

दुपारी मी नंदेसरीहून घरी फोन करते, औषधं घेतली का म्हणून. परवा कितीदा केला तरी कुणी उचलला नाही. काळजीनं माझं जेवणात लक्ष लागेना, आणि शेजारच्या बाईंनाच फोन लावणार तेवढ्यात आईचाच उलटा आला.

"अगं, लिफ्टमध्ये अडकलो होतो दोघी," ती घाईघाईनं म्हणाली. "हात सोडता येत नव्हता. बोल, काय?"

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी म्हटलं, "काही नाही. निघालात का बाहेर?"

"निघतोय. आत्या बोलवतेय, ठेवते."